जोर, धीर आणि निदान

झाडे कापण्याचे पेट्रोलवरचे यंत्र, ज्यास कामगार चेनसॉ म्हणतात, त्याचा पिस्टन कधी कधी जाम होतो. दोरी ओढावी तर ती हलत नाही. अशा वेळी मनुष्याला पहिल्याने सुचतो तो जोर. दोरीला हिसके द्यावेत, नाही तर प्लगच्या भोकातून सळई घालून हातोडी मारावी! मग दोरी तुटते, पिस्टन फुटतो, आणि अडचण होती तेथेच राहते. तर मग जोर वाईट व धीर चांगला, एवढाच बोध घ्यावा काय? आम्हांला वाटते, प्रश्न इतका सोपा नाही.

जाणता मेकॅनिक आधी स्पार्क प्लग काढतो, सायलेन्सर सोडवतो आणि धूर जाण्याच्या वाटेने आत पाहतो. पिस्टन अडण्याची नेहमीची कारणे दोन. एक गंज : यंत्र पावसाळाभर ओलीत पडून राहिले म्हणजे रिंगा सिलिंडरला धरतात. दुसरे उष्णता : या टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल, पूर्वीच्या लूनाप्रमाणे, पेट्रोलातच मिसळावे लागते. आजच्या पुष्कळ यंत्रांना ५० भाग पेट्रोलास १ भाग, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर तेल लागते. तेवढे घालायचे राहिले की पिस्टन तापून फुगतो, आणि त्याचे ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला चिकटते.

गंजावर उपाय धीराचा. पातळ तेल आत सोडावे, एकदोन दिवस मुरू द्यावे, मग फ्लायव्हील हाताने थोडे पुढे, थोडे मागे करीत राहावे. उष्णतेने धरलेल्या पिस्टनला मात्र नुसते तेल पुरत नाही. तो सुटला तरी ओरखडे राहतात. यंत्र उघडून पिस्टन व रिंगा बदलाव्या लागतात. आणि मूळ कारण शोधले नाही, तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जातो.

माणसेही अशीच दोन प्रकारे अडतात. शब्बाथ शाळेत मागच्या बाकावर बसणारे एखादे मूल वर्षभर बोलत नाही, कारण त्याला कोणी कधी काही विचारलेच नाही. हा गंज आहे. येथे रागावणे म्हणजे हातोडी. थोडे काम, थोडा वेळ द्यावा. पण घरातील जी बाई सर्वांचे करता करता एके दिवशी थांबते, ती गंजलेली नसते, जळालेली असते. तिला ‘धीर धर’ म्हणणे सोपे आहे. तिच्यावरचा भार उतरविणे कठीण, कारण त्यातील काही आपल्याला उचलावा लागतो. कारण न शोधता दाखविलेला धीर हा पुष्कळदा आपला आळसच असतो, आणि गोड असल्यामुळे तो ओळखू येत नाही.

एक भेद मात्र विसरू नये. यंत्राला आपण का अडलो हे सांगता येत नाही, म्हणून त्याच्या आत डोकवावे लागते. मनुष्याला सांगता येते. त्याला उघडून पाहण्याचा अधिकार आपणांस नाही; विचारण्याचा आहे, आणि उत्तर येईपर्यंत जवळ बसण्याचा आहे. तेव्हा, वाचकहो, आपल्या घरात किंवा वर्गात कोणी अडले असेल, तर जोर लावावा की वाट पाहावी हे ठरविण्यापूर्वी त्यालाच विचारू या.