'डोये' आणि डोळे

नटाची सुरुवातीची वर्षं सांगताना आपण हटकून हाल मोजतो. किती रात्री अर्धपोटी काढल्या, किती दारांतून परत फिरावं लागलं. त्याच्या बोलीचं काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. अमरावतीला लागून असलेल्या राहाटगावचे नट भारत गणेशपुरे घराघरांत पोचले ते 'फू बाई फू' आणि २०१४ पासूनच्या 'चला हवा येऊ द्या' या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांमुळे. त्यांचा वऱ्हाडी हेल हीच त्यांची ओळख झाली. अमरावती-अकोल्याकडे 'डोळे' नसतात, 'डोये' असतात. 'मला' नाही, 'मले'. 'का' नाही, 'काहून'. शाळेपासून नाट्यस्पर्धेपर्यंत हा 'य' घासून घासून त्याचा 'ळ' केला जातो. पुढे मुंबईत तोच 'य' खपतो, पण ऐकणाऱ्याला हसू आलं तरच. वऱ्हाडी नटाला जी बोली दार उघडून देते, तीच त्याला उंबऱ्यावर अडवून धरते.

हसवणं काय हलकं काम आहे, असं कुणी म्हणेल. मुळीच नाही. 'चला हवा येऊ द्या'त गणेशपुऱ्यांनी रंगवलेल्या थुकरटवाडीच्या सरपंचाने महाराष्ट्राला वऱ्हाडीची गोडी लावली, हे श्रेय मोठंच आहे. पण ही बोली काही नुसत्या विनोदाची नाही. उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६० साली आली. तिच्यातली कौतिक मोडका संसार ओढत वऱ्हाडीतच बोलते आणि वाचणाऱ्याला हसू सुचत नाही. सतीश मनवरांच्या 'गाभ्रीचा पाऊस' चित्रपटात विदर्भातल्या शेतकऱ्याची कोंडी अशीच अंगावर येते. त्यात मुख्य भूमिका मात्र गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांच्या, दोघंही पुण्याचे.

परक्या बोलीत शिरणं हेच तर नटाचं काम, हा आक्षेपही रास्त आहे. २०१६ च्या 'माझ्या नवऱ्याची बायको' मालिकेत नागपूरची राधिका उभी केली ती नाशिकच्या अनिता दाते यांनी, आणि झकास केली. (नागपुरी आणि वऱ्हाडीतला फरक मालिकावाल्यांच्या कानाला कळत नाही, ते सोडा.) पण मग हा न्याय उलटाही लागू व्हावा. राहाटगावच्या नटाला सदाशिव पेठेतला प्राध्यापक मिळावा. तेवढं जमत नसेल, तर पटकथा लिहिणाऱ्यांनो, निदान एखाद्या सर्जनला शस्त्रक्रियेआधी पेशंटचा हात धरून "काहून भेता?" म्हणू द्या, आणि त्या वाक्यामागे हशा जोडू नका.