पणाला लावलेले धन आणि गुंतवलेले धन

समभागांत पैसा घालणे हा जुगार आहे काय, हा प्रश्न मराठी मध्यमवर्गीय घरांत दीर्घकाळ हिशेबापेक्षा नीतीचा म्हणून विचारला गेला, आणि कष्टावाचून मिळणाऱ्या धनाविषयीची शंका आपल्या परंपरेत फार जुनी असल्याने ते स्वाभाविकही होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात फाशांच्या नादाने संसार गमावलेला जुगारी आपली व्यथा सांगतो, आणि तेथे त्याला उपदेश मिळतो तो फासे टाकून शेत कसण्याचा. द्यूताच्या समोर येथे संन्यास नव्हे, तर शेती उभी केली आहे, ही गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे. कारण पावसावर विसंबलेली शेतीही अनिश्चितच असते, म्हणजेच द्यूताचा दोष अनिश्चिततेत शोधता येत नाही. द्यूतात लावलेल्या वस्तूला 'पण' म्हणतात. तो हरणाऱ्याकडून जिंकणाऱ्याकडे जातो, पण त्यातून नवे काही पिकत नाही. 'गुंतवणूक' हा शब्द मात्र 'गुंतणे' या क्रियापदातून आला आहे, आणि समभाग हा कंपनीच्या मालकीचा अंश असल्याने तो दीर्घकाळ बाळगणाऱ्याचे धन इतरांच्या श्रमात खरोखरच गुंतलेले राहते.

तथापि, कुटुंबे बाजारात उतरतात ती असा विवेक करून क्वचितच. हॅरिसन हाँग, जेफ्री कुबिक आणि जेरेमी स्टाइन यांनी 2004 साली अमेरिकेविषयी दाखवून दिले, की शेजाऱ्यांशी संबंध ठेवणारी किंवा चर्चला जाणारी कुटुंबे समभाग घेण्याची शक्यता अधिक असते. तर लुईजी ग्विसो, पाओला सापिएन्झा आणि लुईजी झिंगालेस यांनी 2008 साली इतरांवरील विश्वास हे समभाग घेण्याचे एक प्रमुख कारण ठरवले. भारतात मार्च 2020 मध्ये सुमारे 4 कोटी असलेली डिमॅट खाती, म्हणजे समभाग इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवण्याची खाती, मार्च 2024 पर्यंत 15 कोटींवर गेली; या वाढीला मोबाइलने सोय पुरवली, परंतु सोय म्हणजे विश्वास नव्हे.

तोच विश्वास माणसाला पणापर्यंतही नेतो. ऑप्शन म्हणजे ठरावीक किमतीला ठरावीक मुदतीत खरेदी वा विक्री करण्याचा विकत घेतलेला हक्क. मालाच्या भावातील जोखीम आवरण्यासाठी तो घेणे न्याय्य आहे, पण केवळ भावाच्या अंदाजावर तो घेणाऱ्याचे धन कोणाच्याही श्रमात गुंतत नाही. भांडवली बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या 2024 च्या अभ्यासानुसार तीन आर्थिक वर्षांत वायदे व ऑप्शन व्यवहार करणाऱ्या 93 टक्के व्यक्तींना तोटा झाला, आणि तो एकूण 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता.

महाभारतात युधिष्ठिराला द्यूताचे निमंत्रण घेऊन शकुनी आला नव्हता, विदुर आला होता. अनर्थ ओळखणारा, हितचिंतक, घरचा माणूस. विदुराने आपली शंका लपवली नाही, तरीही वडीलधाऱ्यांचे बोलावणे मोडवेना म्हणून युधिष्ठिर गेला. वायदे व ऑप्शन व्यवहारांत दहापैकी नऊ जण तोट्यात जातात, ही सूचना 2023 पासून दलालांना ग्राहकासमोर खात्यातील प्रत्येक प्रवेशाच्या (लॉगिनच्या) वेळी ठेवावी लागते. आप्त वा सहकारी ज्या शब्दांत बोलावणे धाडतो, त्यांत मात्र ती बहुधा नसते.