पैनगंगेपलीकडचा कॅम्प

हदगावकडून पैनगंगेवर या. काठावर बसा. चपला बाजूला काढून ठेवा.

काही आठवायचं नाही. आधी नुसतं पाणी बघा.

श्वास येऊ द्या. जाऊ द्या.

आता नजर पलीकडे न्या. तिकडे उमरखेड. १९४७-४८ साली ही नदी म्हणजे सरहद्द. अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे स्वतंत्र भारत.

पाणी दोन्ही काठांना लागतंय. बघत राहा.

उमरखेडला हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र तरुणांचा कॅम्प आहे. नांदेडकडची पोरं घरदार सोडून नदी ओलांडतात. कुणी शाळा सोडलेली, कुणी औत. इकडे निजामाच्या राज्यात उदगीरजवळ, हत्तीबेटाच्या डोंगरावरही असेच लढणारे जमतात.

त्यांच्यातल्या एकाकडे बघा. एकाकडेच. नाव विचारू नका.

मांडीवर बंदूक. हातात फडकं. फडक्यात ज्वारीची भाकरी, वर लाल चटणी. भाकरी कडक झालीय. तो कडेपासून मोडतो, सावकाश चावतो.

त्याचा श्वास ऐका. मग आपला.

ही भाकरी कुणी थापली असेल?

इथे थोडं थांबा.

३० जानेवारी १९४८. पोरं निजामाच्या हद्दीतल्या उमरी गावची बँक लुटतात. लाखो रुपये, निजामाच्या हाली चलनातले. पैसा मोजला जातो, हिशोब लिहिला जातो, सगळा चळवळीच्या हवाली होतो. शिळ्या भाकरीवर दिवस काढणारी बोटं त्या नोटांवरून फिरतात आणि रिकामीच राहतात.

त्या बोटांपाशी मला फार वेळ बसावंसं वाटतं. तुम्हीही बसा.

त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या जातात.

बोलू नका. श्वास येऊ द्या. जाऊ द्या.

सप्टेंबर उजाडतो. १३ तारखेला भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरतात. १७ तारखेला निजाम शरण येतो. सरहद्दच उरत नाही, मग कॅम्प कशाला? जेमतेम वर्षभराचा मुक्काम. पोरं घरची वाट धरतात.

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडा चढतो. मान खाली घालून उभे राहा, हुतात्म्यांची नावं ऐका. मग घरी या. घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईच्या शेजारी बसा आणि विचारा, तेव्हा आपल्या घरातून भाकरी कोण बांधून द्यायचं?

उत्तराची घाई करू नका. त्यांना सांगू द्या.