अंगणातील बेल



श्रावणी सोमवारी शिवलिंगावर बेलपत्रांची रास पडते. पण ती ज्या वृक्षावरून उतरली, त्याची विचारपूस आपण कितीशी करतो? सोमवारी बेल तोडू नये, आदल्या दिवशीच काढून ठेवावा. वाहिलेले पानही धुऊन पुन्हा वाहता येते, अशी पूर्वजांची शिकवण आहे. तिच्यात वृक्षाविषयी केवढी कणव आहे! आपण मात्र फांद्याच मोडून आणतो.

यात मीही दोषी आहे. गोव्याचा पाऊस चार महिने अंगणाचा चिखल करतो, म्हणून आम्ही बेलाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट घातले. मुळांनाही हवा लागते, हे ध्यानी आले नाही. दोन वर्षांत शेंडा वाळू लागला. तेव्हा वडिलांनी पूजा आटोपून स्वतः पहार घेतली आणि फांद्यांची सावली पडते तेवढी जागा मोकळी केली. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बुंध्याशी नसतात, दूरवर पसरलेली असतात. उन्हाळ्यात पाणी तेथेच घालावे. वर पाचोळा पसरावा, पण बुंध्याला टेकू देऊ नये.

मुळाशी ओतलेले तेल मातीची छिद्रे बुजवते. बुंध्याला टेकवलेली पणती साल करपवते, आणि पानांत तयार झालेले अन्न सालीतूनच मुळांकडे उतरते. दिवा हातभर दूर ठेवला, तर भक्तीत काय उणे पडते?

गेल्या चैत्रात आमच्या बेलाला पुन्हा पालवी फुटली. त्याला अजून हात लावलेला नाही. श्रावणातला बेल शेजाऱ्यांकडून मागून आणतो.