केसपेपरचं मागचं पान

मोबाइल ठेव खाली. रिपोर्टचा फोटो मी नंतर बघते, आधी केसपेपर दाखव. बॅगेत आहे? मग बॅगेत का आहे? लॅबचा कागद हातात आणि पेशंटचा कागद बॅगेत, इथेच तुझं घोडं पेंड खातंय.

बारा वर्षांची डॅशहंड मादी, वजन नऊ किलो. पाणी फार पिते, रात्री घरात लघवी करते, अन्नावर तुटून पडते, पोट सुटलंय, दोन्ही बाजूंचे केस विरळ झालेत. एवढं लिहून खाली तू 'कुशिंग' लिहिलंस आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलंस. इथवर ठीक. ही लक्षणं बघून ज्याच्या मनात हा रोग येत नाही, तो डॉक्टर झोपलाय असंच म्हणायचं. पण पुढच्या ओळीत ते प्रश्नचिन्ह गायब होतं आणि तिथे ट्रायलोस्टेन येतं. मधल्या वेळात काय घडलं? अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं सापडलं आणि सकाळी अकरा वाजता घेतलेलं एक कॉर्टिसोल जास्त आलं. एवढ्या भांडवलावर एका म्हाताऱ्या जिवाच्या ॲड्रिनल ग्रंथी दाबायला निघालास आणि वर मला विचारतोस, "मॅडम, डोस किती ठेवू?"

तिला रिक्षातून आणली. बाहेर बाकावर दोन लॅब्राडोर बसले होते. तू तिला टेबलावर चढवलीस, कंपाउंडरने मान आवळून धरली आणि पुढच्या पायाच्या शिरेत सुई गेली. कॉर्टिसोल वाढणार नाही तर काय होईल? घाबरल्यावर वाढायचं, हेच तर त्याचं काम. एकट्या कॉर्टिसोलवरून कुशिंग ठरत नाही, हे मी तुमच्या वर्गाला घसा कोरडा करून सांगितलंय. तो आकडा कामाला येतो तो उलट बाजूने, कॉर्टिसोल कमी पडण्याच्या रोगाची, ॲडिसनची शंका असताना: चांगला वर असेल तर ॲडिसन नाही म्हणायचं. आणि फॉस्फटेज तर काय, पित्त तुंबलं तरी वाढतं, फिटच्या गोळ्या चालू असल्या तरी वाढतं, म्हाताऱ्या कुत्र्यांच्या यकृतात निरुपद्रवी गाठी होतात त्यांनीही वाढतं. तो आकडा संशय वाढवतो, निकाल देत नाही.

हार्वी कुशिंगने 1932 साली पिट्युटरीतल्या गाठींवर तो निबंध लिहिला तेव्हा कॉर्टिसोल मोजायची सोयच नव्हती. माणसांचे चेहरे, पोटं, कातडी बघून, त्यांचं ऐकून घेऊन त्याने रोग पकडला. तुझ्याकडे आकडा आला आणि तू बघणंच सोडून दिलंस.

आता तो थायरॉइडचा दुसरा कागद. कोपऱ्यावरच्या लॅबमधून करून घेतलास ना? माणसांच्या? टी-फोर 1.8, शेजारी रेंज छापलीय 5 ते 12, आणि ठळक अक्षरात 'लो'. अरे, ती रेंज त्या लॅबच्या बाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसांची आहे! कुत्र्याचा टी-फोर साधारण 1 ते 4 असतो. म्हणजे 1.8 हा आकडा तिच्यासाठी धडधाकट आहे. त्याखालचं टीएसएच तर खोडूनच टाक, माणसासाठी बनवलेल्या किटला कुत्र्याचं टीएसएच नीट ओळखताच येत नाही. आणि समजा, खरंच कमी आला असता, तरी? अंगात दुसरा आजार असला, स्टिरॉइड चालू असलं, की टी-फोर आपोआप खाली येतो. थायरॉइड बिचारं जागच्या जागी असतं. थायरॉक्सिन लिहून दिलंस? दिलंस. कधीपासून चालू आहे? ते आज बंद. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हे तू नुसतं वाचलं नाहीस, करूनही दाखवलंस.

पान उलट. हो, मागचं पान. वाच. मोठ्याने.

जून, खाज, ट्रायमसिनोलोनचं इंजेक्शन. जुलै, पुन्हा खाज, तेच इंजेक्शन. ऑगस्ट, तेच, आणि जोडीला प्रेडनिसोलोनच्या गोळ्या. सप्टेंबर, कानात घालायचे थेंब, त्यातही स्टिरॉइड. ऑक्टोबर, पुन्हा इंजेक्शन. अक्षर कोणाचं आहे? तुझंच ना? पावसाळाभर डॅशहंडचं पोट ओल्या जमिनीला घासतं, तिथली कातडी लाल होते, खाज सुटते, मालक, म्हणजे ते आजोबा आणि काकू, हैराण होऊन येतात आणि तू सुई टोचून मोकळा होतोस. दोन दिवसांत खाज जाते, काकू म्हणतात, डॉक्टरच्या हाताला गुण आहे. आता नोव्हेंबरात ती पाणी पिऊन पिऊन दमली, पोट लोंबायला लागलं, केस गेले. मग हा कुशिंग कोणी केला? पिट्युटरीने की तू?

खाली मान घालू नकोस. मान घालून रोग बरा होत नाही. ऐक. बाहेरून स्टिरॉइड येत राहिलं की पिट्युटरी म्हणते, आता माझं काय काम? ती ॲड्रिनलला हुकूम द्यायचं थांबते आणि त्या ग्रंथी सुकून बारीक होतात. वरून दिसतो तो कुशिंगच, आतून मात्र ग्रंथी झोपलेल्या. अशी शक्यता असलेल्या कुत्रीला तू ट्रायलोस्टेन देणार होतास. ट्रायलोस्टेन काय करतं? ॲड्रिनलमध्ये कॉर्टिसोल तयार व्हायची वाटच अडवतं. जी ग्रंथी आधीच निजलीय तिचा गळा आवळणार होतास तू. उलटी, जुलाब, अंग गळून पडणं, आणि एखाद्या रात्री कोसळणं. रात्री दोन वाजता आजोबा तुला फोन करणार आणि तुझा फोन सायलेंटवर.

आणि इंजेक्शनचा दोष कळला म्हणून उद्यापासून सगळं एकदम बंद, असलाही शहाणपणा करू नकोस. गोळ्या अजून चालू असतील तर हळूहळू उतरवायच्या. झोपलेल्या ग्रंथीला जागं व्हायला वेळ लागतो. मधल्या काळात मोठं आजारपण आलं, ऑपरेशन लागलं, तर आधाराला स्टिरॉइड द्यावं लागेल, हे केसपेपरवर लाल शाईने लिही.

घरचं मलम विचारलंस का? काकूंच्या घरात गजकर्णाची ट्यूब असणारच. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, तीन-चार औषधं एकत्र कोंबलेली, त्यात बहुतेक वेळा कडक स्टिरॉइड. ती लावली की कुत्री चाटते. काकू तर पोटावर दिवसातून दोनदा लावत असतील, प्रेमाने.

तिला स्वतःहून झालेला कुशिंग नाहीच, असं मी म्हणत नाही. वयाच्या या टप्प्यावर, या जातीत, तो असू शकतो. पण ते कळणार कसं? एसीटीएच देऊन तासाभराने कॉर्टिसोल बघायचं. ते जागचं हललंच नाही तर तो तुझ्या सुईचा प्रताप. सोनोग्राफीत ॲड्रिनल बारीक दिसल्या तर तेच. डेक्सामेथासोनची परीक्षा तिच्या अंगातलं हे सगळं उतरल्यावर, महिन्यांनी, आणि तीही लक्षणं टिकून असली तरच. करशील तेव्हा नीट कर. सुरुवातीला एक रक्त, चार तासांनी दुसरं, आठ तासांनी तिसरं. तुझ्या दवाखान्याची पाटी काय म्हणते? सकाळी दहा ते एक, संध्याकाळी सहा ते नऊ. म्हणजे दुपारी दोनला रक्त घ्यायला दार उघडायचं कोणी? त्या दिवशी डबा घेऊन बस दवाखान्यात. घरी ती डायनिंग टेबलाखाली पडून राहते तशी तुझ्या टेबलाखाली शांत पडू दे. दिवाळीच्या फटाक्यांत किंवा दारावरून ढोलताशा चालला असताना ही परीक्षा करायची नाही.

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट, आणि ती आज. तिचं ऑपरेशन झालंय का? गर्भाशय काढलंय? इथे लिहिलेलंच नाही. शेवटची माजावर कधी आली होती? तेही नाही. बारा वर्षांची मादी, भरपूर पाणी पिणारी, पोट मोठं झालेलं, आणि गर्भाशयात पू आहे का हे बघितलं नाहीस! तोंड बंद असेल तर बाहेर थेंबही दिसत नाही, आत पोटभर पू. अन्नावर तुटून पडते म्हणजे शक्यता कमी, ते मला कळतं. शक्यता कमी म्हणून न बघितलेल्या केसेस मी शवविच्छेदनाच्या टेबलावर बघितल्यात. कुशिंग महिनाभर थांबेल. पू थांबणार नाही. सोनोग्राफी आजच, ॲड्रिनल त्याच वेळी बघून घे.

आणि 'पाणी फार पिते' हे काय लिहिलंय? फार म्हणजे किती? निरोगी नऊ किलोची कुत्री दिवसाला साधारण अर्धा लिटर पिते. किलोमागे 100 मिलीच्या वर गेलं, म्हणजे हिचं 900 च्या वर, तर जास्त म्हणायचं. काकूंना सांग, सकाळी लिटरच्या बाटलीने मोजून भांडं भरा, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा, सलग तीन-चार दिवस. सकाळची पहिली लघवी आजोबांनी फिरायला नेताना जुन्या स्टीलच्या पळीत झेलायची. डॅशहंडच्या पोटाखाली वाटी जात नाही, पळी जाते. त्यात साखर आहे का, ती पातळ आहे का, प्रोटीन जातंय का बघ. कल्चरला पाठव, स्टिरॉइड अंगात असताना मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग गुपचूप बसतो, ना जळजळ ना कण्हणं. क्रिएटिनिन, रक्तदाब. मधुमेह आणि मूत्रपिंड ही दोन नावं तुझ्या यादीत नाहीत, हे बघून मला खरंच वाईट वाटलं.

आता समजा, सगळं झालं आणि खरा कुशिंग निघाला. तेव्हा काय करशील? तेव्हाही लगेच गोळी नाही. शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी कुत्र्यांत मूळ पिट्युटरीत असतं, बाकीच्यांत ॲड्रिनलवर गाठ, आणि त्या गाठींतल्या निम्म्या वाईट जातीच्या. कुठली आहे यावर पुढचा रस्ता ठरतो. ट्रायलोस्टेनने पिट्युटरीतली गाठ जात नाही. ते लक्षणं आवरतं, बस्स. ज्याला त्रासदायक लक्षणंच नाहीत त्याला फक्त आकड्यासाठी औषध द्यायचं नाही. अगदी पाठ करून ठेव, याबाबतीत अमेरिकेतल्या आणि इथल्या चांगल्या डॉक्टरांत दुमत नाही: उपचार कुत्र्याचा करायचा, रिपोर्टचा नाही.

त्रास असेल तर मात्र द्यायचं, आणि कंजूषपणे सुरुवात करायची. जेवणासोबत. दहा-चौदा दिवसांनी तपासणी, मग महिन्याने, मग दर तीन महिन्यांनी. तो खर्च आणि ती धावपळ त्या घराला झेपणार आहे का, हे पहिल्या दिवशी बोलायचं, तिसऱ्या बिलावर नाही. कॅप्सूल घरी उघडून अर्धी करायची नाही. घरात सुनेला दिवस गेले असतील तर तिने त्याला हात लावायचा नाही. कुत्रीने जेवण सोडलं किंवा उलटी केली, तर त्या दिवशीची गोळी चुकवून तुला फोन करायचा. हे तिन्ही तोंडी सांगून विसरू नकोस, मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवायला दे. चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या.

त्यांचा न्यू जर्सीचा मुलगा व्हिडिओ कॉलवर पिट्युटरीच्या गाठीला रेडिएशन द्यायचं बोलला म्हणून तू बावरलास का? तो खोटं नाही बोलत. तिकडे होतं. उत्रेख्तला तर कुत्र्याची पिट्युटरीच काढतात, कित्येक वर्षं काढताहेत. पण तू मुलाला काय सांगायला हवं होतंस? की आधी तपास संपू दे. आणि मग निर्णयात सगळ्यात मोठा आवाज त्यांचा, जे रात्री अडीचला उठून फरशी पुसतात. तो पैसे देईल, म्हणून बारा वर्षांच्या कुत्रीला विमानात बसवायचं ठरत नाही. त्याच्याशी इंग्रजीत बोलून मोकळा झालास आणि आजोबांना आणि काकूंना काय कळलं ते विचारलंही नाहीस.

आणि अजून एक. काकूंनी तुला विचारलं, "तिला फार त्रास होत असेल तर झोपवायचं का?" तू म्हणालास, "वय झालंय, तुम्ही ठरवा." कोणी शिकवलं हे? मी तर नाही. ज्या कुत्रीचं निदानच झालेलं नाही, तिच्या मरणाचं ओझं तू त्या बाईच्या ओटीत टाकून दार लावलंस. वय हा रोग नव्हे. ती खाते, दारावरची बेल वाजली की भुंकते, आजोबांच्या चपला पळवते, असं तूच लिहिलंयस इथे कोपऱ्यात. कधी ती वेळ येईलही, त्या दिवशी तू काकूंच्या शेजारी बसून तुझं मत स्पष्ट सांगायचंस, 'तुम्ही ठरवा' नाही.

त्यांना सुईचं सांगणार आहेस का? सांगायचंच. "पावसाळ्यात खाजेसाठी दिलेल्या औषधाने हे झालेलं असू शकतं, मी दिलं होतं," एवढं एक वाक्य. त्यांना राग येईल, येऊ दे. दुसऱ्या डॉक्टरकडे गेले, तर हे मागचं पान झेरॉक्स करून सोबत दे. खाजेचं मूळ अजून तसंच आहे, गोचीड, बुरशी की ॲलर्जी, ते शोधायचंय, नाहीतर जूनमध्ये पुन्हा तुझ्या हातात तीच सुई असेल.

फोन लाव त्यांना. आत्ता, इथून. स्पीकरवर टाक. पहिला प्रश्न, माजावर कधी आली होती. दुसरा, ते मलम कुठलं. ट्यूब हातात घेऊन मागचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचायला सांग, एकेक नाव. लिहून घे सगळं, मागच्या पानावरच. घाई करू नकोस त्यांच्याशी बोलताना. मी चहा टाकते.