चोच आणि पंख

नांदेड व लातूर जिल्ह्यांत पुष्कळ घरी खुराडे असते, व त्यातील रीत तुम्ही जाणता. एका कोंबडीच्या अंगावर रक्त दिसले, की बाकीच्या तेथेच चोच मारितात; वेळीच सोडविली नाही, तर तिचा जीव जातो. कोंबड्यांत कोणी कोणास टोचावे याची उतरंड असते, असे नॉर्वेच्या शेल्डेरूप-एब्बे नामक विद्वानाने १९२२ साली लिहिले. परंतु दाटी, उष्मा, अपुरे पाणी व निकृष्ट दाणा यांनी ही टोचाटोची रक्तपातास जाते. यास्तव शहाणी गृहिणी जखमीस निराळ्या डालग्याखाली ठेविते, जखम धुऊन हळद लाविते, आणि खुराड्यातील दाटी व तहान दूर करिते. हे वेगळे ठेवणे शिक्षा नव्हे, उपचार होय. जखम भरताच ती तिला परत सोडिते.

मंडळीत मात्र एखादा बंधु दारूत पडला, की आपल्या जिभा तेथेच टोचू लागतात. अशा चावाचावीने मंडळीच नाहीशी होईल, अशी ताकीद पौलाने गलतीकरांस दिली, व पडलेल्यास सौम्यपणे सावरण्यास सांगितले. लातुरास २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. टंचाईत मनुष्यही चिडतो. म्हणून बंधूचा दोष मोजण्यापूर्वी त्याची तहान पाहा.

प्रभु येशूने स्वतःस कोंबडीची उपमा दिली, ती चोचीवरून नव्हे, पंखांवरून. ज्याच्याविषयी गावभर बोलणे चालले आहे, त्याच्या घरी ह्या आठवड्यात जा, आणि येत्या रविवारी त्यास उपासनेत आपल्याजवळ बसवा. आमेन.