वेणी देणाऱ्या मुलांना काय सांगायचं?

केमोथेरपीची औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना गाठतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, केसांच्या मुळाशी असलेल्या पेशीही तशाच. म्हणून रक्ताच्या कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलीचे केस काही आठवड्यांतच उशीवर, कंगव्यात, मोरीत दिसू लागतात. उपचार संपल्यावर बहुतेकांचे केस परत येतात. पण मधल्या काळात शाळा असते, लग्नकार्यं असतात, शेजारपाजार असतो.

त्या मधल्या काळासाठी दुसरं एखादं मूल आपले केस देतं. इंग्लंडमधल्या हेरफर्डची ‘लिटल प्रिन्सेस ट्रस्ट’ ही संस्था 2006 साली अशाच एका घरातून उभी राहिली. आजारी लेकीसाठी खऱ्या केसांचा चांगला विग मिळता मिळेना. ती गेल्यावर आईवडिलांनी इतर मुलांसाठी हे काम हाती घेतलं. आपल्याकडेही आता शाळकरी मुली, आणि काही मुलगेही, केसदान करू लागले आहेत.

या दानात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते वाट पाहणं. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात. विगसाठी अनेक ठिकाणी किमान 12 इंच केस मागतात, म्हणजे दोन-अडीच वर्षांची वाढ. दहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा हा जवळजवळ चौथा हिस्सा. मुलाच्या हातून पैसे दिले तरी ते आईबाबांचेच असतात. केस मात्र त्याचे स्वतःचे. त्यातून मुलग्याने केस वाढवायचे म्हणजे शाळेत ‘उद्या कापून ये’ आणि रिक्षात ‘ए मुली’ हे रोज ऐकणं आलं. एवढं सोसून जो टिकतो, त्याला दुसऱ्याच्या दुःखाबद्दल मूल्यशिक्षणाच्या कुठल्याही तासापेक्षा जास्त कळलेलं असतं.

म्हणूनच वाढदिवसाला ठरवून, फोटोसाठी उरकलेलं केसदान मला खटकतं. मुलांचे केस मोठ्यांच्या मर्जीने उतरवण्याची सवय आपल्याला जुनीच आहे. जावळ काढताना बाळाला कुणी विचारत नाही. तिरुपतीला वाहिलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करतं आणि ते विगच्या बाजारात जातात. पण तो नवस मोठ्यांचा असतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. केसदान मात्र मुलाच्या नावावर मांडलं जातं. मग त्याला ‘नको’ म्हणता आलं पाहिजे, अगदी सलूनच्या खुर्चीत बसल्यावरसुद्धा.

आणि त्याला खरं सांगायला हवं. ‘तुझी वेणी एका मुलीच्या डोक्यावर बसणार’ हे ऐकायला गोड आहे, पण तसं घडत नाही. एका विगला अनेकांचे केस लागतात. ते लांबीनुसार निवडतात, सगळ्यांची मुळं एका बाजूला राहतील असे लावतात, आणि चांगल्या विगमध्ये जाळीवर हाताने थोडे थोडे गाठवत नेतात. आपल्या केसांत अनोळखी मुलांचेही केस मिसळणार आहेत, हे मुलांना सांगितलं तर ती हिरमुसतील असं मला वाटत नाही.

यापुढचा प्रश्न अवघड आहे. टक्कल लपवावं का लागतं? मुलग्याचं डोकं तुळतुळीत दिसलं तर लोक मुंज झाली असेल म्हणतात. मुलीचं दिसलं की नजरा थबकतात. ही नजर आपल्या इतिहासातून आली आहे. विधवांचं केशवपन इथे अनेक घरांत झालं. त्याविरुद्ध 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी संप केला. ती रूढी गेली, पण बिनकेसांची बाई म्हणजे अशुभ ही भावना पुरती गेलेली नाही. आजारी मुलीची आई विग शोधते तेव्हा तिला या नजरेचीही धास्ती असते.

विगने त्या मुलीला धीर येतो, म्हणून तो हवाच. पण मुंबईच्या मे महिन्यात तो टोचतो, घामाने खाज सुटते. बरीच मुलं तो काढून टोपी घालतात, किंवा काहीच घालत नाहीत. अशा मुलीशेजारी वर्गात सहज बसता येणं, हा केसदानाचाच पुढचा भाग आहे. कॅन्सर संसर्गाने पसरत नाही. उलट तिचीच प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, म्हणून आपल्याला सर्दी असेल तर आपणच लांब राहायचं. एवढं तिसरीतल्या मुलालाही समजतं.

शाळांना माझी विनंती आहे, केस वाढवणाऱ्या मुलग्याला नियमातून सवलत द्या आणि त्याचं कारण वर्गाला सांगा. पालकांनी कात्री लावण्याआधी संस्थेला लांबीची आणि रंगवलेल्या केसांची अट विचारावी. आणि फोटो काढायचा की नाही, हे मुलालाच ठरवू द्यावं.